दाराजवळचा बाक

माझी मावशी दयाळू नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण आजकाल तिचा विषय निघाला की लोकांच्या तोंडून साखर गळायला लागते, आणि मला ते सोसत नाही. शेजारणीशी ती कपड्यांच्या दोरीवरून भांडायची. वय चोरायची. चहात साखर घालताना तिचा हात आखडायचा, आणि कोणी कुरकुरलं की म्हणायची, "गोड हवं असेल तर दुसऱ्याच्या घरी जा, इथे चहा मिळतो." कामावरून आली की गारठलेले हात आम्हा मुलांच्या मानेवर ठेवायची आणि आम्ही किंचाळलो की पोट धरून हसायची. चर्चमध्ये उपासनेत गाणं सुरू झालं की तिचा आवाज सगळ्यांच्या वर, बेसूर आणि बुलंद. पेटी वाजवणारे मास्तर तिला पाण्यात पाहायचे.

माझी आई मी लहान असतानाच गेली. तेव्हापासून मी मावशीकडे. तिचा मुलगा माझ्याहून थोडा मोठा, त्याला मी दादा म्हणते. मावशीचे यजमान म्हणजे माझे काका. मला सायकल शिकवताना ते मागून धरल्याचं खोटं सांगायचे आणि मी पडले की माझ्याआधी तेच ओरडायचे. बापाची माया म्हणून मला जे काही ठाऊक आहे, ते त्यांच्याकडूनच. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

काका बर्फाच्या कारखान्यात होते. आमची खोली कारखान्याच्या मागच्या गल्लीत. तिथल्या कॉम्प्रेसरची धडधड दिवसरात्र भिंतीतून यायची. आम्हाला ती ऐकूच यायची नाही, इतकी सवय झालेली. ऐकू आलं ते ती थांबल्यावर.

भर दुपार होती. मावशी कपडे वाळत घालत होती. धडधड थांबली आणि तिने हातातलं ओलं कापड तसंच धरलं. मग वास आला. बर्फ गोठवायच्या अमोनियाला आम्ही नुसतं 'गॅस' म्हणायचो. तो आधी डोळ्यांत शिरतो, मग नाकात, आणि मग माणूस दुसरा कसला विचारच करू शकत नाही. गल्लीतले लोक तोंडाला फडकी बांधून पळत सुटले. मावशी उलट्या बाजूला, कारखान्याकडे पळाली.

कॉम्प्रेसरच्या खोलीत नळी फुटली होती. आत काका, एक हमाल आणि मशीन चालवणारा मिस्त्री. बाहेर आला तो एकटा मिस्त्री. आल्या आल्या त्याने लोखंडी दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. दार उघडलं तेव्हा आतले दोघंही गेलेले होते.

कोर्टात मिस्त्रीने सांगितलं की गॅस रस्त्यावर पसरू नये म्हणून दार लावलं. आतले दोघं मागच्या बाजूने निसटले असतील असं वाटलं. आतून काही आवाज आला नाही. न्यायाधीशांनी त्यातलं अर्धं खरं मानलं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी त्याला तुरुंगात धाडलं. हमालाच्या घरचे गाव सोडून गेले. मावशीला काकांच्या जागी कारखान्यात घेतलं, बर्फाच्या लाद्यांवर घालायची गोणपाटं शिवायला आणि झाडलोट करायला. ते दार रोज तिच्या वाटेत यायचं. कारखान्याने त्याला नवा हिरवा रंग दिला होता, जसा काही गुन्हा रंगाचाच होता.

दादा तेव्हा शाळेत होता. तो एकच विचारायचा, "बाबांनी दार वाजवलं असेल का?"

मावशी म्हणायची, "जेव आधी."

कितीतरी दिवस त्याने विचारलं, मग बंद केलं. थांबला म्हणजे विसरला असं आम्ही धरून चाललो. आमची धाव तेवढीच.

आता आमच्या मंडळीबद्दल सांगायला हवं. चर्च लहान, बहुतेक माणसं कारखान्यातली आणि गोदीवरची. पण आमच्याकडे एक रीत आहे, ती दुसरीकडे मी पाहिली नाही. अगदी दाराजवळ, सगळ्यांत मागे, एक दोन माणसांचा बाक आहे. कोणाच्या हातून मोठं पाप घडलं आणि त्याला देवाघरी परत यायचं असलं, तर त्याने येऊन त्या बाकावर बसायचं. त्याला कोणी बोलावत नाही, कोणी हाकलत नाही. त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. ती भरायची कोणी, तर ज्या घराचं त्याने वाईट केलं त्या घरातल्या माणसाने. बसणाऱ्याने काही विचारायचं नाही. बसलेल्याने आपण होऊन उभं राहायचं, सगळ्यांसमोर सगळं सांगायचं, आणि मग शेजारच्याने त्याचा हात धरून त्याला पुढे न्यायचं. तोपर्यंत प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे मिळून घेतात ती, भाकर आणि प्याला त्या बाकापर्यंत जात नाही. शेजारी बसणाऱ्यालाही नाही. आणि बसणारा मध्येच उठला की संपलं, त्या पाप्याने पुन्हा यायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण पोराबाळांना पाठ आहे.

शिक्षा भोगून मिस्त्री परत आला तेव्हा आम्ही त्याला ओळखलंच नाही. पूर्वी छाती काढून चालायचा, आता भिंतीच्या कडेकडेने जायचा. सायकलच्या दुकानामागे एक खोली कोणीतरी दिली. कामाला कोणी ठेवेना. मग एका रविवारी तो येऊन दाराजवळच्या बाकावर बसला.

दादा उठून घरी निघून गेला. मी त्याच्यामागे गेले. मावशी मात्र शेवटपर्यंत बसली, आणि त्या दिवशी तिने गाणं म्हटलं नाही असं मागाहून कळलं.

मिस्त्री दर रविवारी यायचा. शेजारची जागा रिकामी. चर्चचा पाळक तरुण होता, नुकताच आलेला, देवाच्या दयेवर फार सुंदर बोलायचा. देव पाप्याला शोधत येतो, आपल्याला मिळालेली दया आपण वाटायची असते, वगैरे. ऐकताना बायकांचे डोळे भरून यायचे. आणि बोलता बोलता त्याची नजर मागच्या बाकावर गेली की तो घाईने पुढच्या मुद्द्यावर जायचा. बोलणं सोपं असतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

एका रविवारी तो असाच बोलत असताना मावशी उठली. मला वाटलं, हिला बरं वाटत नाही. ती मधल्या वाटेने मागे गेली, मिस्त्रीला म्हणाली, "सरका थोडं," आणि बसली. पाळकाचं तोंड उघडंच राहिलं. कोणीतरी खोकलं. मावशीने नुसतं पुढे बघितलं. नंतरच्या गाण्यात तिचा बेसूर आवाज पहिल्यांदा पाठीमागून आला.

घरी आल्यावर मी तिला सोडलं नाही. "तुला लाज नाही वाटली? काकांचं तोंड आठवलं नाही?"

"आठवलं."

"मग?"

"जागा रिकामी होती. आणि ती आपली होती, दुसऱ्या कोणाची नव्हती. मला हौस होती म्हणून नाही बसले." ती पदराने मान पुसत म्हणाली, "देवाने आधी विचारलं असतं ना, तर मी नाहीच म्हटलं असतं. तो विचारत नाही, हीच त्याची खोड आहे."

मी तोंड फिरवलं. दादा दारात उभा होता. तो चिडला असता, आदळआपट केली असती, तर मला बरं वाटलं असतं. तो शांतपणे आत येऊन ताटावर बसला आणि म्हणाला, "आई, आता तो कधीतरी उभा राहून सगळं सांगेल ना?"

"सांगेल."

"मग मीही येत जाईन. मला ऐकायचं आहे. बाबांनी दार वाजवलं आणि त्याने ते ऐकलं, असं जर तो म्हणाला, तर तू माझी वाट बघू नकोस. त्याला मी चर्चच्या दारातून जिवंत बाहेर जाऊ देणार नाही."

मावशीने त्याच्या ताटात वाढलं.  

दादा तोपर्यंत त्याच कारखान्यात लागला होता. लाद्या उचलायच्या, फोडायच्या, गाडीत भरायच्या. बर्फ फोडायचा टोचा असतो, लाकडी मुठीचा, पुढे वीतभर लोखंडी अणकुची. एका रविवारी सकाळी त्याचं जाकीट खुंटीवरून पडलं म्हणून मी उचललं, तर ते एका बाजूला जड लागलं. आतल्या खिशात फडक्यात गुंडाळलेला टोचा होता.  मी धावत मावशीकडे गेले.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी दर रविवारी बघते, जागेवर आहे का."

"अगं मग काढून घे."

"काढला तर तो दुसरा घेईल. आणि तो कुठे ठेवलाय हे मला कळणार नाही."

मी त्या क्षणी तिचा राग राग केला. मी दादाच्या बाजूची होते, हे लपवत नाही. मला मिस्त्री मेलेला चालला असता. पण दादाने त्यासाठी तुरुंगात जावं, फासावर जावं, हे मला चालणार नव्हतं. आणि सगळं मावशीच्या हातात होतं. तिने फक्त त्या बाकावरून उठायचं. ती उठली की मिस्त्री परत येणार नाही, उभा राहणार नाही, काही सांगणार नाही, आणि दादाला कधी कळणार नाही. एका माणसाला देवाजवळ नेताना ती आपल्या पोटच्या पोराला खाईत ढकलत होती. हे मी तिला तोंडावर सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हे तिने माझ्याआधीच स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी टेलरमास्तर एका संध्याकाळी घरी आले. गळ्यातली मापाची फीत काढायला विसरले होते. म्हणाले, "बाई, दया चांगली आहे. पण घरात तरणाताठा मुलगा आहे. त्याची नजर मला बरी दिसत नाही. तुम्ही थोडे दिवस थांबा."

मावशी म्हणाली, "मास्तर, तुम्ही शर्ट शिवताना एक बाही थोडे दिवस थांबवता का?"

"थट्टा नाही बाई."

"मी पण थट्टा नाही करत. अर्ध्यावर उठले तर तो माणूस कुठे जाईल? विहिरीत. आणि मुलाचं म्हणाल, तर ते त्याच्या मनात कधीचं आहे. मिस्त्री इथे नसता तरी असतं. मला रात्रंदिवस दिसतं ते."

"मग तुम्ही काय करणार?"

"भीती वाटते," ती म्हणाली. "तेच करतेय सध्या."

टेलरमास्तर चहा न पिताच गेले. चहात साखर नसती हा भाग वेगळा.

तसे रविवार जात राहिले. दादा मधल्या वाटेच्या कडेला बसायचा, जाकीट घालून, उकडत असलं तरी. मी त्याच्या पलीकडे. प्रवचन संपलं की क्षणभर सगळं शांत व्हायचं, आणि मागून बाक करकरायचा. मिस्त्रीने पुढच्या बाकाची पाठ धरलेली असायची, उठण्यासाठी. दादा ताठ व्हायचा. मी डोळे मिटायचे. मग पुन्हा बाक करकरायचा, मिस्त्री मागे टेकलेला असायचा. लोक सुटकेचा श्वास सोडायचे. भाकर आणि प्याला बाकावरून बाकावर फिरायचा आणि मावशीच्या आधी थांबायचा. प्रभुभोजन चुकवणं हे तिच्यासाठी काय होतं, ते मला माहीत होतं. तापाने फणफणलेली असतानाही ती त्यासाठी उठून जायची. आता ती हात मांडीवर ठेवून बसून राहायची.

आणि मग तो रविवार आला. खिडक्या उघड्या होत्या, बाहेरून कारखान्याची धडधड येत होती. बाक करकरला. मी डोळे मिटून वाट बघितली, पण दुसरी करकर आली नाही. मी वळून बघितलं तर मिस्त्री उभा होता.

"मी कोर्टात खोटं बोललो," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की पुढचे लोक कान देऊन वळले. "नळी फुटली तशी मी पळालो. दार लावलं. गॅस रस्त्यावर जाईल म्हणून नाही. माझ्या मागे येईल म्हणून. त्यांनी आतून दार वाजवलं. मला हाक मारली. दोघांनी. माझा हात कडीवरच होता. मला कडी काढता आली असती."

 तो थांबला असता तरी पुरे होतं. पण रीतच तशी आहे, सगळं सांगायचं.

"पुष्कळ वेळ वाजवलं त्यांनी. मग थांबले. थांबले तेव्हा मला बरं वाटलं. देवा, मला बरं वाटलं."

दादा उठला. उजवा हात जाकिटात. मी त्याची बाही पकडली, ती माझ्या बोटांतून सुटली. तो धावला नाही. मधल्या वाटेने सावकाश चालत गेला, आणि लोक पाय आत ओढून घेत होते. एवढी माणसं होती, कोणीही त्याला अडवलं नाही.  मिस्त्री पळाला नाही. हात खाली सोडून उभा राहिला.

मावशी बसलेलीच होती. दादा अगदी जवळ आला तेव्हा ती म्हणाली, "मला माहीत होतं."

तो थांबला.

"तुझ्या बाबांना मी धुतलं, शेवटचं. त्यांचे हात मी बघितले. दारावर आपटून आपटून बोटांची साल गेली होती, आतलं दिसत होतं. मी त्यांच्या हातांवर रुमाल टाकला आणि कोणाला बघू दिलं नाही. तुला तर नाहीच."

"तुला माहीत होतं," दादा म्हणाला. "आणि तू ह्याच्या शेजारी बसलीस?"

"माहीत होतं म्हणून तर इथे येऊन बसायला इतके दिवस लागले."

"तू मला सांगितलं नाहीस. मी विचारत होतो, तू मला जेव म्हणायचीस."

"चुकलं माझं. तू लहान होतास आणि माझ्याच्याने तोंडातून निघत नव्हतं. ह्याच्यासाठी मला जागा सापडली, तुझ्यासाठी सापडली नाही. ये, इथे बस."

दादाने मिस्त्रीकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याचा चेहरा मी पाहिला आणि मला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली. मिस्त्रीवरचा राग त्यात राहिलाच नव्हता. काहीच राहिलं नव्हतं. तो वळला आणि दारातून बाहेर गेला. हात अजून जाकिटातच होता.

मावशी अर्धी उठली आणि तशीच थांबली. ती उठली की मिस्त्रीचं संपलं. त्याने सगळं सांगून टाकलं होतं, आणि आता त्याला पुढे न्यायला कोणी राहणार नव्हतं. बाहेर तिचा मुलगा त्या टोच्यासह एकटा होता. तिचा एक हात बाकावर रोवलेला, तोंड दाराकडे. आयुष्यात कधी ती अशी दिसली नव्हती. तिला काय करावं ते कळत नव्हतं.

मिस्त्री म्हणाला, "जा वहिनी. माझं राहू द्या."

टेलरमास्तरांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. आणखीही दोघातिघांच्या. ती उठली की प्रश्न मिटला असं त्यांना वाटत होतं. ते बघून माझं डोकं फिरलं. मला दया आली म्हणून मी उठले नाही, हे स्पष्ट सांगते. मला त्या माणसाचं तोंड बघवत नव्हतं. काका दार वाजवत होते आणि हा बाहेर उभा होता, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. पण मावशी तिथे अडकली होती, आणि मीही त्याच घरची होते.

मी मागे गेले आणि म्हटलं, "मावशी, ऊठ. मी बसते."

बदली माणूस चालतो का, हे कोणालाच माहीत नव्हतं. टेलरमास्तरांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी ते मिटलं. मावशीने माझ्या मानेवर हात ठेवला आणि ती गेली. इतक्या जड बाईला मी तशी पळताना फक्त एकदा पाहिलं होतं.

मिस्त्री अजून उभाच होता. मी त्याच्या शेजारी बसले, आणि मग लक्षात आलं की आता बसायचं काही उरलं नाही. सांगून झालं होतं. पुढे न्यायचं होतं. मी उठले आणि त्याचा हात धरला. तोच हात. तो घामाने ओला होता. देवा, मला हे जमत नाही, तू कर, असं मी मनात म्हटलं आणि चालायला लागले. लोक वाट देत होते. पाळक रडत होता, निदान तेवढं तरी त्याने केलं.

आम्ही पुढे पोचलो तेव्हा मागून पावलं ऐकू आली. मावशी दादाला घेऊन आली होती. बाहेर काय झालं ते ती कधी बोलली नाही. एवढंच म्हणाली, की तो भिंतीला टेकून खाली बसला होता आणि 'मला धर' म्हणाला, म्हणून धरलं. दादा आत आला आणि दाराजवळच्या बाकावर बसला. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं. मावशी त्याच्या शेजारी बसली.

त्यानंतर दादा दर रविवारी तिथेच. टोचा त्याने कारखान्यात परत दिला, काम सोडलं, गोदीवर लागला, लग्न केलं. पण त्या बाकावरून उभा राहून तो काही बोलला नाही. आपल्या मनात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असूनही त्याला ते तोंडाने म्हणता येईना. लोक मावशीला म्हणायचे, रीतीप्रमाणे त्याच्या शेजारी मिस्त्रीने बसायला हवं, तुम्ही नाही. ती म्हणायची, "तो येईपर्यंत मी जागा धरते." मिस्त्री येत नव्हता. तो तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसायचा. त्याची छाती होत नव्हती, आणि दादासमोर जायची छाती नसण्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. भाकर आणि प्याला मावशीपर्यंत जाईना. केस पांढरे झाले, कारखाना बंद पडला, ती धडधड कायमची गेली, तरी ती मागच्या बाकावरून बेसूर गात राहिली. पाळक बदलले. नव्या पाळकाने एकदा तिला खासगीत भाकर देऊ केली. "पोराला सोडून कशी खाऊ," म्हणाली. मरताना तिच्या तोंडात औषधाचं पाणी होतं, दुसरं काही नाही. याचा मला अजून राग आहे. कोणावर, ते ठरवता येत नाही.

तिला पुरलं त्या दिवशी चर्च भरलं होतं. शवपेटी पुढे होती. दादाला मी पुढे बोलावलं, मुलगा म्हणून त्याचा मान होता. त्याने मान हलवली आणि तो दाराजवळच्या बाकावर बसला. शेजारची जागा रिकामी.

गाणं संपलं. तिच्या आवाजाशिवाय ते फारच सुरात झालं होतं. पाळक बोलायला उभा राहणार तेवढ्यात मागे बाक करकरला.

"मी त्या दिवशी मिस्त्रीला मारायला आलो होतो," दादा म्हणाला. "नुसतं मनात नव्हतं. हत्यार घेऊन आलो होतो, कितीतरी रविवार. आईला माहीत होतं. तिने ते कोणाला सांगितलं नाही आणि माझ्यासाठी ती उपाशी राहिली. आणि मला अजूनही कधी कधी वाटतं, की मारलं असतं तर बरं झालं असतं. हे सगळं आहे. आणखी काही नाही."

तो तसाच उभा होता. त्याला पुढे न्यायचं होतं आणि शेजारी कोणी नव्हतं. कोणी उठायचं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण मिस्त्रीकडे बघायची कोणाची हिंमत नव्हती. मग तिसऱ्या रांगेत काठीचा आवाज झाला. मिस्त्री आता फार म्हातारा झाला आहे, गुडघे वाकत नाहीत, बाकांना धरून धरून चालतो. त्याला दारापर्यंत जायला बराच वेळ लागला. दार उघडं होतं. दादा उभाच राहिला, बाहेर गेला नाही.